पेणचा इटालियन

सर्व संबंधितांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, कॉव्हेंट्री व पंचक्रोशीतील मराठी रंगभूमीचा भक्कम आधार, कित्येक राजे, एक पाताळयंत्री सावकार आणि ऐनवेळी नट न आल्यामुळे एकदा साक्षात यमराज, या सर्वांना जिच्यामुळे चेहरा लाभला, ती डॉ. मुकुंद पेणकर यांची मिशी गेल्या बुधवारी सकाळी, अंत्यदर्शनाच्या थोडं आधी, सद्भावनेने भारलेल्या एका इंग्रज गृहस्थाच्या वस्तऱ्याखाली निवर्तली. मेडिकल कॉलेजात उगवल्यापासून तिने एकदाही रजा घेतली नव्हती. तिच्यामागे पत्नी, मुलगी आणि मी असा परिवार आहे.

मुकुंदा, तूही गेलास. पण ते मंडळाने ईमेलने कळवलंय. तुझ्या पदव्या, तुझं हॉस्पिटल, किती कॉव्हेंट्रीकरांच्या नाकात तू आयुष्यभर डोकावलास, हे कुणीतरी नीट लिहील. मिशीबद्दल कुणी लिहिणार नाही. आणि आपल्या भांडणाबद्दल तर कुणाला माहीतच नाही. ते भांडण तू अर्धवट टाकून गेलास, नेहमीसारखा, बोलायची पाळी माझी असताना. तेव्हा आता ऐक. तुला मध्ये बोलायची सोय नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

सुरुवात तू केलीस. मी शाळेत ड्रामा शिकवते, आणि मंडळाची नाटकं लिहून बसवते. माझी मुलं वर्गभर मेल्याचा अभिनय करत पडली होती आणि तेवढ्यात तुझा फोन.

"मालू, शाळा सुटली की सरळ जुन्या सेमेटरीत ये."

"अगं बाई, कोण गेलं?"

"गेलेला माणूस सापडलाय," तू म्हणालास आणि फोन ठेवलास. एक्झिट कशी घ्यायची ते तुला कधी शिकवावं लागलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिथे चालायची तुझी सवय. तुझी शैला म्हणायची, दिवसभर लोकांचे घसे बघून याला बोलणाऱ्या माणसांचा वीट येतो, म्हणून हा न बोलणाऱ्यांत फिरतो. मी पोचले तेव्हा तू ओव्हरकोटाची कॉलर वर करून एका संगमरवरी एंजलपुढे उभा होतास. माणसाएवढी उंच, पंख मिटलेले, डोळे मिटलेले, गालावर पावसाचे काळे ओघळ. अशा एंजल त्या सेमेटरीत बऱ्याच आहेत. मी म्हटलं, "छान आहे. घरी जाऊ या? थंडी आहे."

"पाय बघ."

पायाशी उंदीर होता. अंगठ्याएवढा, दगडाचा, पुढच्या पायांत काहीतरी धरून बसलेला.

"चर्चमधला उंदीर असेल."

"हातात काय आहे त्याच्या?"

"अंजीर?"

"अंजिराला कळ्या असतात?"

मी चष्मा लावला आणि ओल्या गवतात गुडघे टेकले. टोकाशी एकत्र येणाऱ्या, चिमटीने काढाव्यात तशा एकसारख्या कळ्या. मुकुंदा, इंग्लंडातल्या ख्रिस्ती थडग्यावर, एंजलच्या पायाशी बसून एक उंदीर मोदक खात होता!

खाली नाव कोरलेलं होतं. अँटोनिओ पेन्ना, शिल्पकार. आणि त्याची बायको, ॲलिस.

मग तू तिथेच, थंडीत, मला अंतोबाची गोष्ट सांगितलीस. पेणला तुमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गणपती होत. तुझ्या आजोबांचा काका अंतोबा त्या सगळ्यांत हाताचा कसबी. एकोणिसावं शतक, विलायतेत कसलंसं प्रदर्शन, त्यासाठी त्याच्याकडून मातीच्या मूर्ती करून घेतल्या. न्हावी, कासार, पाणक्या. बोटीच्या हिसक्यांनी त्यांचे हातपाय मोडणार आणि तिकडे उतरल्यावर ते जोडायला कुणीतरी हवं, म्हणून मूर्तींबरोबर अंतोबालाही बोटीत चढवलं. मूर्ती परत आल्या. अंतोबा आला नाही. बारा वर्षं वाट बघून घरच्यांनी रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला आणि तेरावं जेवून मोकळे झाले.

"आयुष्यभर पुतळे करणाऱ्याचा पुतळा भटजींनी केला," तू म्हणालास. "आणि आजोबा सांगायचे, तो अजिबात साधला नव्हता."

मी हसले. तू हसला नाहीस. तुझा हात एंजलच्या पायावर होता. "आणि मालू, ते त्याला जाळत होते तेव्हा हा इथे होता. जिवंत."

तो इटालियन कसा झाला हे आपण नंतर तुझ्या गाडीत बसून जुळवलं. दगडाच्या यार्डांत तेव्हा इटालियन कारागीर पुष्कळ. हा काळ्या केसांचा, हाताला माती लागलेला, तोडकं इंग्रजी बोलणारा. कुणीतरी अँटोनिओ अशी हाक मारली असेल आणि हा वळला असेल. मग आयुष्यभर वळत राहिला असेल. सासऱ्याने इटालियन जावई कसाबसा पचवला असता, पेणचा मूर्तिकार कुठून पचवणार?

तुझ्या त्या शोधाचा आनंद मला फार वेळ घेता आला नाही, कारण मी एंजलला वळसा घातला आणि तिच्या पाठीवर पिवळा स्टिकर दिसला. त्या दिवसांत कौन्सिलची माणसं सेमेटऱ्यांत फिरून प्रत्येक थडगं हलवून बघत होती, कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून. आपली एंजल हलली. कुटुंबीयांनी संपर्क साधून दुरुस्ती करून घ्यावी, नाही तर सुरक्षिततेसाठी तिला आडवी करण्यात येईल.

"आडवी?" तू विचारलंस, जणू स्टिकर मी लावला होता. "माणसाची आई आहे ती."

ती अंतोबाची आई, हे तुला तेव्हा कुठून कळलं, मुकुंदा? मला ते आजवर कळलेलं नाही. पुढे ते खरंच निघालं.

कौन्सिलमध्ये तू रुबाबात "मी कुटुंबीय" म्हणून उभा राहिलास. काउंटरवरच्या मुलीने तुझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि अत्यंत सभ्यपणे सांगितलं की पेन्ना कुटुंबाचा वारसा एका डोरीनबाईंकडे आहे, त्यांच्या परवानगीशिवाय त्या दगडाला कुणी हात लावू शकत नाही. अशा रीतीने तुझ्या पणजोबांच्या भावाच्या मुक्कामाचा प्रश्न एका अनोळखी बाईच्या हातात गेला, आणि त्या बाईने आपल्याला चहाला बोलावलं.

डोरीन मला दारातच आवडली. केस कापायचं दुकान चालवून निवृत्त झालेली. दार उघडताच तिने आधी आपल्या दोघांचे केस बघितले आणि तुझ्या डोक्यावर काहीच नाही हे पाहून तुझ्या मिशीवर समाधान मानलं. "ही मेंटेन कोण करतं, लव्ह?" तू म्हणालास, "मी स्वतः." ती म्हणाली, "दिसतंच आहे." मी तिथेच तिची झाले.

आणि मग आत गेलो. खोलीभर इटली! भिंतीवर व्हेनिस, फ्रिजवर पिसाचा मनोरा, मुलाचं नाव मार्को, ओव्हनमध्ये लझान्या. बोलताना डोरीनचे हात पंख्यासारखे फिरत. "काय करणार, रक्तच गरम! इटालियन ना आम्ही." तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलास. मी परत दिला. तो "गप्प बस" असा होता, हे तुला कळलं नसेल तर आता सांगते.

मग तिने भिंतीवरचा फोटो दाखवला. लहान डोरीन, वडिलांच्या खांद्यावर, एंजलच्या गालाला हात लावताना. "ही आमची नोन्ना," ती म्हणाली. "इटालियनमध्ये आजी. माझ्या पणजोबांनी स्वतःच्या आईचा चेहरा कोरलाय. घरात सगळे तिला नोन्नाच म्हणतात. लहानपणी दर रविवारी डॅड मला तिच्याकडे घेऊन जायचे. शाळेतलं काही गुपित असलं तर मी ते तिलाच सांगायची."

तू कप खाली ठेवलास. माझ्याकडे बघितलंस. मी लझान्याकडे बघितलं.

दुरुस्तीला ती एका पायावर तयार झाली. आपण आलो तेव्हा जी भीती होती ती क्षणात गेली आणि पुढच्याच क्षणी तिच्याहून मोठी आली. "आणि एक नवी पाटी बसवणार आहे," डोरीन म्हणाली, "दगडाची, पायथ्याशी. अँटोनिओ पेन्ना, इटलीचा सुपुत्र. माझ्या डॅडची फार इच्छा होती."

तुला ठसका लागला. कान-नाक-घशाच्या सर्जनला चहाचा ठसका! डोरीनने तुझ्या पाठीत असा गुद्दा हाणला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

इथे आपलं भांडण सुरू झालं. त्या दिवशी गाडीत, मग फोनवर, मग मंडळाच्या तालमीत कुजबुजत, मग शैलाच्या स्वयंपाकघरात खालच्या आवाजात, तिने कशाबद्दल ते न विचारता दोघांना बाहेर काढेपर्यंत. तू म्हणत होतास, सांगितलंच पाहिजे. घरच्यांनी त्याला पानांचा करून जाळला, आता हे त्याला इटालियन करून पुरणार. दगडात कोरलेलं खोटं पुढे कुणी तपासत नाही. मी म्हणत होते, गप्प बसलंच पाहिजे. त्या बाईचं अख्खं आयुष्य त्या एका शब्दावर उभं आहे. तू तो काढलास आणि ती रागावली, तर परवानगी गेली, दुरुस्ती गेली आणि एंजल आडवी. तुला खरं हवंय की उभी आई हवीय?

मी माझं ठेवणीतलं अस्त्रही काढलं. "अरे, तो नट होता. आयुष्यभर इटालियनची भूमिका केली, एकदाही शब्द चुकला नाही. एवढा मोठा प्रयोग संपला आणि आता तू विंगेतून ओरडणार, हा पेणचा आहे म्हणून?"

मला वाटलं, जिंकले.

"पडदा पडला की नट आपल्या चेहऱ्याने पुढे येऊन नमस्कार करतो, मालू," तू म्हणालास. "तो त्याला मिळालाच नाही."

हे वाक्य मी तुला कधी लिहून दिलं नव्हतं. म्हणून राग आला.

दुसऱ्या एका भांडणात तू एंजलच्या डोळ्यांवर आलास. पेणच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी, आणि ती करणारा हात वेगळा. तुझे आजोबा सांगायचे, ज्याला निरोप द्यायचा आहे त्याचेच डोळे उघडावेत. गणपती पाण्यात जाणार असतो, म्हणून त्याला जग दाखवायचं. जी मूर्ती कायमची उभी राहणार, तिचे डोळे उघडून ठेवले तर ती बिचारी मिटणार कधी? "म्हणून अंतोबाने तिचे डोळे उघडले नाहीत," तू म्हणालास. "इथे येऊनही तो घरचा नियम पाळत होता. हा इटालियनाचा हात नाही."

मी म्हटलं, "किंवा मुलगा कुठे येऊन पडला ते आईला दिसू नये म्हणून मिटलेले ठेवले असतील."

मुकुंदा, तू ड्रायव्हिंग करत होतास. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी तुझी गाडी हलली नाही. त्या दिवसापुरतं आपण भांडण थांबवलं.

मग तू तो मोदकांचा उद्योग केलास. शैलाकडून उकडीचे करून घेतलेस, डब्यात घालून डोरीनकडे नेलेस, आणि मला साक्षीदार म्हणून. डोरीनने झाकण उघडलं. एक मोदक हातात घेतला. फिरवून बघितला. तू पुढे सरकून बसलास, मिशीवरून एकदा हात फिरवलास. ते तू रंगमंचावर मोठ्या वाक्याआधी करायचास.

"गंमत आहे," डोरीन हळूच म्हणाली. "आमच्या उंदराच्या हातात असंच काहीतरी आहे. डॅड म्हणायचे अंजीर."

तू तोंड उघडलंस.

"डॅडना शाळेत फार त्रास दिला गं," ती पुढे म्हणाली, माझ्याकडे बघून, कारण असलं बायका बायकांना सांगतात. "रंगाने जरा सावळे ना. मुलं मागे लागायची, नको ते बोलायची. एकदा शर्ट फाडून घरी आले. तेव्हा त्यांच्या आजीने, ॲलिसने, त्यांना मांडीवर घेऊन सांगितलं, उद्या जा आणि सांग सगळ्यांना, आम्ही इटालियन आहोत. डॅडनी ते सांगितलं. मरेपर्यंत सांगितलं. शेवटी हॉस्पिटलात नर्सलासुद्धा." तिने मोदक खाल्ला. "हे फार सुंदर आहे, लव्ह. आत काय असतं?"

"नारळ," तू म्हणालास. फक्त तेवढंच म्हणालास.

परतताना तू एकच प्रश्न विचारलास. "ॲलिसला माहीत असेल?" मी म्हटलं, नवरा झोपेत कुठल्या भाषेत बोलतो ते बायकोला माहीत नसेल? तू मान हलवलीस. मला वाटलं, आता तू सांगणार नाहीस. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही. कारण तुझा चेहरा भाऊबीजेला पाट मांडून बसलेल्या आणि कुणीच न आलेल्या भावासारखा झाला होता. तुला बहीण नाही. डोरीन तुझी चुलत, चुलत, चुलत का होईना, बहीण लागत होती. तुझ्या लढाईत खरं काय, खोटं काय, हा मुद्दा नव्हताच रे. तुला त्या फोटोत शिरायचं होतं. हे मला तेव्हा तुला म्हणता आलं नाही. मी नियम, परवानगी, नाटक, असलं सगळं बोलत राहिले.

एंजलचा पाया दुरुस्त झाला. ती सरळ उभी राहिली. राहिली फक्त पाटी, आणि ती कोरायचा दिवस ठरला. मग त्या शुक्रवारी सकाळी तुझा फोन.

"रविवारी डोरीनकडे जातोय. सांगणार आहे. तू चल."

"मी त्या प्रयोगाला येणार नाही."

"नको येऊस. वाक्य पाठ केलंय. असं वाक्य आहे की तिच्या डॅडचा शब्दही मोडणार नाही आणि अंतोबाही आपल्या गावी पोचेल."

"कोणतं वाक्य?"

"रविवारनंतर सांगतो. तू आत्ताच दुरुस्त करायला बसशील."

दुपारी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, गाडीच्या दारावर हात ठेवून, तू गेलास. एवढे हार्टचे डॉक्टर आत भरलेले, आणि तू बाहेर. मुकुंदा, मी रडले, आरडाओरडा केला, सगळं केलं. पण त्या सगळ्याच्या तळाशी एक लाज वाटण्याजोगा प्रश्न होता. ते वाक्य काय होतं? माझ्यासारख्या बाईला तू असं कोड्यात टाकून जावंस? मी तेव्हापासून बसता-उठता ते वाक्य जुळवतेय. भांडी घासताना तुझ्या आवाजात म्हणून बघते. एकही बसत नाही.

आणि आता बुधवार. तुझा अंत्यविधी बुधवारी, पाटी कोरणारा येणार गुरुवारी. तू गेल्यावर हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. शैलाला उंदीर माहीत होता, डोरीनची अडचण नाही. म्हणजे सांगायचं की नाही, हा निर्णय तू माझ्या गळ्यात बांधून गेलास. जी न सांगण्याच्या बाजूने लढत होती तिच्या! मी रात्रंदिवस स्वतःशी वाद घातला, आणि आता तुझी बाजू मांडायला कुणी नव्हतं, म्हणून ती मलाच मांडावी लागली. सांगायला हरकत नाही, मी ती तुझ्यापेक्षा बरी मांडली.

सकाळी क्रेमॅटोरियमच्या बाजूच्या खोलीत तुला आणलं. आपल्या रीतीप्रमाणे शवपेटीचं झाकण उघडलं, गंगाजल आणि तुळशीपत्र घालायला. तुझी गार्गी पुढे होती. ती वाकली, थबकली, आणि त्या शांततेत तिच्या त्या कॉव्हेंट्री मराठीत म्हणाली, "आई, बाबाचा मिशी कुठे गेला?"

मिशी नव्हती! तुझ्या नाकाखाली एक भलं मोठं, गुळगुळीत, अनोळखी मैदान होतं.

फ्युनरल डिरेक्टर काळ्या कोटात पुढे आला, अदबीने झुकला. "मॅडम, आम्हाला या बाबतीत ट्रेनिंग असतं. हिंदू पद्धतीत अंत्यविधीआधी डोकं आणि मिशी काढतात. डॉक्टरांच्या डोक्यावर काही नव्हतं, म्हणून..."

"अहो, काढतात!" मी किंचाळले. "पण जो मागे राहतो त्याची! गेलेल्याची नाही!"

त्या बिचाऱ्याचा चेहरा तुझ्याहून पांढरा पडला. मी शैलाकडे बघायचं धाडस केलं नाही. बाहेर सगळं कॉव्हेंट्री जमलं होतं, नागपूरहून तुझा मामेभाऊ आला होता, हॉस्पिटलातले लोक होते, आणि थोड्याच वेळात सगळे एकामागून एक आत येऊन तुला बघणार होते. शैला तुझ्यावर वाकली. तिने बोटाने तुझ्या वरच्या ओठाला हात लावला.

"लग्नापासून सांगत होते, काढ म्हणून," ती तुला म्हणाली. "माझं कधी ऐकलं नाहीस. आता एका परक्या माणसाचं ऐकलंस."

मग ती सरळ झाली. डोळे कोरडे. "मालू, नाटकाची पेटी गाडीत आहे?"

"आहे."

"मोठ्यातली मोठी आण. असा तो कुणाला दिसायला नको."

मी पळाले, मुकुंदा. साडी धरून, कार पार्कच्या खडीतून. पेटी उघडली, सेनापतीची मिशी निवडली, डिंक घेतला, वळले, आणि समोर डोरीन. काळी हॅट, हातात लिली, नाक लाल.

"बरं झालं तू भेटलीस, लव्ह," ती म्हणाली आणि माझा दंड धरला. "शुक्रवारी मुकुंदचा फोन आला होता. म्हणाला, रविवारी येतो, एक गोष्ट सांगायची आहे, तू बसून ऐक. त्याचा आवाज कसा तरी होता. आणि उद्या तर पाटी कोरायला येताहेत. मला सारखं वाटतंय, त्याचा पाटीशी काहीतरी संबंध होता. तुला माहीत आहे का गं? काय सांगायचं होतं त्याला?"

आयुष्यभर मी लोकांना वाक्यं पढवली. त्या क्षणी माझ्याकडे एकही नव्हतं. हो म्हणू? नाही म्हणू? तिच्या डोळ्यांत तिच्या डॅडचा फाटलेला शर्ट दिसत होता आणि माझ्या पाठीमागे, त्या दाराआड, तू नमस्काराची वाट बघत पडला होतास. नुसती माझी मूठ पुढे झाली, आणि मुठीत काय होतं ते डोरीनने बघितलं.

"हे काय?"

"मिशी."

"कुणाची?"

"मुकुंदची. म्हणजे त्याची नाही. त्याची काढली. चुकून. आता लोक आत यायच्या आधी..." आणि मी रडायला लागले, तिथेच, हातात सेनापती घेऊन.

डोरीनने लिली माझ्या हातात दिली आणि मिशी स्वतः घेतली. उजेडात धरून बघितली. "डिंक जुना आहे. ट्रिम करावी लागेल. अगं, उगी, माझं आयुष्य यात गेलंय. चल. कुठे आहे तो?"

ती पुढे, मी मागे. तिला थांबवायला हवं होतं की नको, हेही मला ठरवता आलं नाही. तिने दार ढकललं, शैलाला मिठी मारली, गार्गीच्या गालाला हात लावला, पर्समधून छोटी कात्री काढली आणि कामाला बसावं तशी तुझ्यावर वाकली. मुकुंदा, तुझा चष्मा नव्हता. मिशी नव्हती. डोळे मिटलेले होते. खिडकीतून तो दगडी, राखाडी उजेड तुझ्या गालावर येत होता.

डोरीनचा हात मध्येच थांबला.

ती तुझ्याकडे बघत राहिली. मान एका बाजूला कलवून, मग दुसऱ्या. तिने हात पुढे केला आणि तुझ्या गालाला लावला, लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून लावायची तसाच. गार्गीने हळूच विचारलं, "काय झालं, आँटी?" कात्री खाली पडली, मिशी तुझ्या छातीवर पडली, आणि दाराबाहेरच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात डोरीन ओरडली,

"ओ माय गॉड! इट्स नोन्ना!"